राहून गेलेली बोलणी

यादीत सहा नावं होती. पाचव्या नावावर नजर गेली आणि सेगावाच्या हातातला चहा टेबलावर सांडला.

कुसुमोतो मित्सुए, वय एकोणऐंशी.

"काय झालं?" समोर मुळ्याचं लोणचं चावत बसलेल्या बायकोनं विचारलं.

"काही नाही. आज एक आजीबाई आहेत सहलीला. एवढं चालवेल की नाही, ते बघतोय."

बायकोनं फडकं पुढे सरकवलं आणि पुन्हा लोणच्यात लक्ष घातलं. तिला नवऱ्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की तो पंधराव्या वर्षी आओमोरीहून तोक्योला सुमो शिकायला आला, चार वर्षं तालमीत राहिला आणि गुडघ्यानं दगा दिला म्हणून बाहेर पडला. गुडघे त्याचे आजही ठणठणीत आहेत. दगा दिला तो त्यानं स्वतः, आणि हे त्यानं लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी तिला सांगितलं नव्हतं. लग्नात त्यानं सासरचं आडनाव घेतलं. सासऱ्यांना मुलगा नव्हता, नाव पुढे चालवायला जावई हवा होता, हे खरंच. पण 'नारुमी' हे आपलं जुनं नाव पुसायला याच्यासारखी सोय दुसरी नव्हती, हेही तितकंच खरं.

आणि आज कुसुमोतो मित्सुए. उराशिओ तालमीच्या वस्तादांची बायको. तालमीतली सगळी पोरं तिला ओकामीसान, म्हणजे मालकीणबाई, म्हणत. घरात वस्तादांचा शब्द शेवटचा असे, आणि तो शब्द काय असावा हे ओकामीसान ठरवत.

सेगावा गेली सहा वर्षं तोक्योच्या र्योगोकु भागात लोकांना सुमोचा इतिहास पायी फिरवून दाखवायचा. नऊला स्टेशनवर जमायचं, बाराला सुटायचं. देऊळ, जुन्या आखाड्याची जागा, नवा आखाडा, तालमींच्या गल्ल्या. र्योगोकुतल्या आणि आसपासच्या एकेका तालमीची कुंडली त्याला पाठ. फक्त एका गल्लीत तो शिरत नसे. कुणी विचारलंच तर सांगायचा, तिकडे रस्त्याचं काम चालू आहे.

त्याला त्या बाईला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, चूक झाली. दुसरी, उपकार झाले. ही दोन वाक्यं त्यानं एकोणतीस वर्षं मनात घोळवली होती. वस्ताद गेल्या हिवाळ्यात वारले, तेव्हा त्यांच्यासाठी जुळवलेली वाक्यं त्याच्याकडेच राहिली. आता ओकामीसानही तोक्यो सोडून मुलीकडे ओकायामाला कायमच्या निघाल्यात, असं त्यानं बाजारात ऐकलं होतं. म्हणजे सांगायचं तर आजच. एवढं साधं गणित. पण वाघाला न घाबरणारी माणसं ओकामीसानला घाबरत, आणि सेगावा तर वाघालाही घाबरला असता.

स्टेशनबाहेर पाच जण वेळेवर उभे होते. नागोयाहून आलेले बांदो नावाचे निवृत्त शिक्षक, हातात वही. एक नवं लग्न झालेलं जोडपं, हातात फोन. दोन मैत्रिणी, हातात पंखे; मे महिन्यातच उकाडा सुरू झाला होता. सहाव्या बाई बरोबर नऊच्या ठोक्याला आल्या. पाठ वाकलेली, डोक्यावर उन्हाची टोपी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. एके काळी तीस पोरांना एका नजरेत उठवणारी बाई इतकी लहान कधी झाली, हे सेगावाला कळेना. त्यानं नाव वाचलं, त्यांनी हात वर केला, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "चला तर, गाईडसाहेब. माझी दीडची गाडी आहे."

ओळखलं नाही. सेगावाला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. तसं ओळखायला उरलं होतं काय? तेव्हाचा एकशे बारा किलोंचा नारुमी आता सत्तर किलोंवर आला होता, डोक्यावर पैलवानी अंबाड्याच्या जागी टक्कल होतं.

पहिला मुक्काम एको-इन देऊळ. इथं सेगावाचा आवाज नेहमी खुलायचा. देवळांच्या दुरुस्तीसाठी वर्गणी जमवायची म्हणून इथं कुस्त्या भरत, पाऊस पडला की पुढे ढकलत, बायकांना बघायला मज्जाव होता, आणि असं एकाच देवळाच्या आवारात शहात्तर वर्षं चाललं, हे सगळं तो रंगवून सांगायचा. आज तो पुस्तक वाचल्यासारखा बोलत होता.

"मोठ्यानं," मागून आवाज आला. "पैलवानांची गोष्ट सांगताय की आजाऱ्याची?"

मैत्रिणी हसल्या. सेगावानं घसा खाकरला आणि मेलेल्या वस्तादांच्या आणि पैलवानांच्या नावानं उभारलेल्या उंच दगडाकडे सगळ्यांना नेलं. आजही जुनी माणसं इथं येऊन डोकं टेकतात, एवढं सांगून त्यानं विषय बदलला. "आजसुद्धा तालमीतला दिवस सहा वाजता सुरू होतो."

"पाच," ओकामीसान म्हणाल्या. "सहापर्यंत झोपलेला पैलवान मी पाहिला नाही. दिसला असता तर पाणी ओतलं असतं."

"तुम्हाला बरीच माहिती दिसते, आजी," बांदो गुरुजी कौतुकानं म्हणाले.

"चाळीस वर्षं त्यांची अंथरुणं वाळत घातली. माहिती नसेल तर काय?"

झालं. पुढच्या दोन मिनिटांत सगळ्यांना कळलं की ही बाई उराशिओ तालमीची मालकीण होती. गुरुजींच्या वहीचं पान उलटलं, नव्या नवरीनं फोटो मागितला, आणि सहलीचा गाईड कोण हा प्रश्न निकालात निघाला. सेगावा पुढे चालत राहिला. खाई त्याला खवखवे म्हणतात, त्याला तर घशापासून टाचेपर्यंत खवखवत होतं.

जुन्या आखाड्याच्या जागी आता मोठी इमारत आहे. तिच्या अंगणात फरशीवर एक गोल आखलेला आहे, इथंच कुस्तीचं रिंगण होतं हे सांगण्यापुरता. लोक तिथं सायकली लावतात. नवी नवरी गोलाच्या कडेला थबकली. "मी आत उभी राहिले तर चालेल का हो?"

तिनं सेगावाला विचारलं होतं, पण उत्तर ओकामीसाननी दिलं. "राहा की. ही फरशी आहे. खऱ्या रिंगणावर बाईनं पाय ठेवायचा नसतो. आमच्या घरातच होतं, तरी मी काठाकाठानं झाडत आले."

"राग नाही यायचा?"

"यायचा ना. पण आत शिरून उगीच धक्के खाणाऱ्या तीस ठोंब्यांना वर जेवायला घालायचं होतं. रागवायला वेळ कुठला?"

नवरी आत उभी राहिली, नवऱ्यानं फोटो काढला. ओकामीसाननी एक सायकल सरळ करून ठेवली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तो असा.

तिथून पुढे खानावळींचा रस्ता लागतो. पैलवानांचा रस्सा विकणाऱ्या दुकानांच्या पाट्या, दारात वाफ, आणि स्पर्धा चालू असल्यामुळे मधूनच युकाता हा सुती झगा घातलेला एखादा पोरगा अंबाड्याच्या तेलाचा गोड वास सोडून जातो. इथं सेगावाचा एक ठरलेला विनोद होता. आज तो गिळायचा त्यानं ठरवलं होतं, पण गुरुजींनी नेमकं बोट ठेवलं.

"स्पर्धेच्या दिवसांत म्हणे रश्शात कोंबडीच घालतात. खरं का?"

"हो," सेगावा म्हणाला. "कोंबडी दोन पायांवर उभी असते. गाय, डुक्कर चारी पायांवर. आणि पैलवानाचा हात जमिनीला लागला की तो हरला. म्हणून चार पायांचं मटण स्पर्धेत शकुनाचं नाही."

नेहमी तो इथं हात टेकून ओणवा व्हायचा आणि लोक हसायचे. आज तो ताठ उभा राहिला.

आता हे इथंच सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, स्पर्धेच्या तेराव्या दिवशी, उराशिओ तालमीत स्वयंपाकाची पाळी नारुमीची होती. तालमीचा मोठा पैलवान मिनाशिओ. सगळी पोरं त्याला दादा म्हणत. दादाच्या त्या स्पर्धेत सात कुस्त्या गेल्या होत्या. आठवी गेली की वरच्या गटातून खाली. नारुमी कोंबडीच्या खिम्याचे गोळे करत होता आणि खिमा कमी पडला. बाहेर बर्फ पडत होता, खाटीक दोन रस्ते पलीकडे, आणि शीतपेटीत डुकराचा खिमा समोर दिसत होता. पोरानं दोन मुठी घेतल्या आणि मिसळल्या. एकोणीस वर्षांच्या आळसाला एवढं कारण पुरतं.

संध्याकाळी दादा कुस्तीत पुढे झेपावला, समोरच्यानं अंग काढून घेतलं, आणि दादाचा उजवा हात मातीला लागला. हात. नारुमीनं ते टीव्हीवर पाहिलं आणि त्याच्या पाचावर धारण बसली. कुणी त्याला काही बोललं नाही. कुणाला ठाऊकच नव्हतं. दादा घरी आला, गुपचूप जेवला, उलट नारुमीच्या पाठीवर थाप मारून गेला. ती थाप काही त्याला सोसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे रिंगणाभोवती घाम गाळत असताना तो मागच्या दारानं निघाला तो परत आला नाही. दादा त्यानंतर वरच्या गटात पुन्हा कधी चढला नाही, हे त्यानं वर्तमानपत्रात वाचलं.

आता शिकलेला माणूस म्हणेल, दोन मुठी खिम्यानं कुणी हरतं का? सेगावालाही हे कळत होतं. दिवसा कळत होतं.

बरं, त्या घरानं त्याला दिलं काय होतं? बाप लवकर गेलेलं, सफरचंदाच्या बागांत मजुरी करणाऱ्या आईचं पोर. पोटभर जेवण म्हणजे काय ते त्याला उराशिओत कळलं. भात रांधायला, मासा कापायला, मोठ्यांपुढे वाकायला, रडू आलं तर तोंड धुवून यायला तिथं शिकला. पुढे सासऱ्यांच्या खानावळीत त्याला काम मिळालं ते तालमीत शिकलेल्या सुरीच्या हातामुळे, आणि बायको मिळाली ती त्या कामामुळे. घरात गरम भाताची पहिली वाटी हातात घेताना तो रोज मनात त्या दोघांचं नाव घ्यायचा. रोज. ज्यांचे आभार रोज मानावेत त्यांच्या दारावरून तोंड चुकवून जावं लागतं, याच्याइतकी वाईट शिक्षा कुणी मुद्दाम शोधूनही काढली नसती.

"पोरं पळून जात असतील ना हो तालमीतून?" गुरुजींनी विचारलं. प्रश्न कुणाला केला ते नक्की नव्हतं, पण आता सगळे ओकामीसानकडेच बघत होते.

"जातात की. अर्धी परत येतात. भूक लागली की आठवण येते."

"आणि उरलेली?"

ओकामीसान एका दुकानाबाहेरच्या बाकावर बसल्या. पंखेवाल्या मैत्रिणीनं त्यांना वारा घातला.

"एक होता," त्या म्हणाल्या. "उत्तरेकडचा. स्वयंपाकात हात चांगला, कुस्तीत बेताचा. एका पहाटे गेला. आमचे हे असे भडकले! म्हणाले, आत्ताच्या आत्ता त्याचा राजीनामा लिहून संघाकडे पाठवतो. लिहिलाही. पण कागदावर वस्तादाचा शिक्का लागतो. आणि शिक्का सापडेना."

"मग?"

"मग काय, शोधला. कपाटं उपसली. देव्हारा हलवला. मला विचारलं, मी म्हटलं, तुमची वस्तू तुम्हाला ठाऊक. शिक्का तांदळाच्या डब्यात तळाशी होता. मीच घातला होता."

मैत्रिणी हसल्या. सेगावाचा हात खांबावर होता, तो तसाच राहिला.

"राजीनामा गेला नाही म्हणजे पोरगा कागदोपत्री पैलवानच," ओकामीसान गुरुजींना समजावत होत्या. "फक्त गैरहजर. संघाला आम्ही कळवलं, दुखापत आहे. दर स्पर्धेला नावांचा मोठा कागद निघतो ना, हातानं लिहिलेला? त्यात मार्चला त्याचं नाव आलं. मेमध्ये आलं, खाली घसरून. जुलैत तर अगदी तळाला, भिंगाशिवाय दिसायचं नाही इतकं बारीक. पण आलं. सप्टेंबरात गेलं. न खेळता त्याहून खाली जायला जागाच नसते."

"आणि वस्तादांना शिक्का मिळालाच नाही?"

"हीच तर गंमत. सहा महिन्यांनी मी तांदूळ पाखडायला डबा पालथा केला, तर शिक्का एका पुडीत नीट बांधलेला. मी तसाच टाकला होता, उघडा. म्हणजे यांना मधेच कधीतरी सापडला होता. तांदूळ लागू नयेत म्हणून यांनी कागदात बांधला आणि पुन्हा तळाशी ठेवला. आणि वर रोज माझ्यावर ओरडायचे, शिक्का कुठाय म्हणून!"

सगळे मनापासून हसले. गुरुजींनी लिहून घेतलं. सेगावा तोंड फिरवून दुकानाच्या काचेत मांडलेल्या मेणाच्या पदार्थांकडे बघत राहिला. आपण निघालो त्या दिवशीच आपलं नाव खोडलं गेलं असणार, असं तो धरून चालला होता. म्हणून त्यानं तो कागद पुन्हा कधी हातात घेतला नव्हता. सहा महिने दोन माणसं एकमेकांपासून लपवून त्याचं नाव धरून बसली होती, आणि तो योकोहामाच्या धक्क्यावर पेट्या उचलत स्वतःला शिव्या घालत होता.

"चला," ओकामीसान उठल्या. "आता आमची गल्ली दाखवा, गाईडसाहेब."

"तिकडे..." सेगावाची जीभ सवयीनं वळली, "तिकडे रस्त्याचं काम चालू आहे."

"सहा वर्षं?"

सेगावानं वर पाहिलं. ओकामीसान टोपीखालून त्याच्याकडेच बघत होत्या.

"आमचा अंबाडे बांधणारा म्हातारा आला होता, हे गेले तेव्हा. तो म्हणाला, र्योगोकुत एक गाईड आहे, सगळ्या तालमी दाखवतो, आपलीच तेवढी नाही. विचारलं तर सहा वर्षं रस्त्याचं काम सांगतो. म्हटलं, जायच्या आधी बघून तरी घ्यावा, इतका संथ रस्ता बांधतंय कोण."

पुढची पाचशे पावलं सेगावा कसा चालला ते त्यालाही सांगता यायचं नाही. पाठीमागे लोकांचं बोलणं थांबलं होतं. माणसांना काय घडतंय ते कळत नसलं तरी काहीतरी घडतंय हे कळतं.

उराशिओ तालमीची तीन मजली इमारत गल्लीच्या शेवटी होती. पाटी उतरवलेली, तिच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन. चौदा वर्षांपूर्वी वस्ताद नियमाप्रमाणे पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा पोरं दुसऱ्या तालमीत गेली आणि रिंगण मोडलं. त्यानंतर दोघं नवराबायको वरच्या मजल्यावर राहत. आता घर विकलं होतं, पुढच्या आठवड्यात पाडणार होते. दाराला कुलूप होतं.

सेगावा दारासमोर थांबला, वळला, हातातला गाईडचा झेंडा खाली ठेवला आणि कमरेत वाकला.

"ओकामीसान. मी नारुमी."

"ठाऊक आहे. स्टेशनवरच कळलं. पाय अजून घासत चालतोस. वस्तादांनी शिकवलेली चाल, अंगातून जाते होय?"

"मी... त्या दिवशी रश्शात डुकराचा खिमा घातला. कोंबडीचा कमी पडला म्हणून. दोन मुठी. दादाचा हात माझ्यामुळे..."

"दादानं तो रस्सा खाल्लाच नाही," ओकामीसान म्हणाल्या.

सेगावा तसाच वाकलेला राहिला.

"वाढायच्या आधी मी चव घेत नव्हते का रोज? पहिल्या घोटाला कळलं. डुकराची चरबी लपतेय होय? मिनाशिओला म्हटलं, आज पोट हलकं ठेव, आणि त्याला भाजलेला मासा आणि भात वाढला. तो हरला कारण समोरचा त्याच्याहून चांगला खेळला. दादा स्वतःच सांगतो. फुकुओकात हॉटेल आहे त्याचं, एकशे साठ किलोचा झालाय, डुकराचंच मटण विकतो."

गुरुजींनी वही मिटली. नव्या नवरीनं फोन कधीच पिशवीत टाकला होता.

"मग मला का नाही सांगितलंत?" सेगावानं विचारलं. त्यात तक्रार नव्हती. एकोणीस वर्षांचं पोरच विचारत होतं.

ओकामीसान भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे बघत राहिल्या.

"त्या संध्याकाळी तुझा चेहरा मी पाहिला होता," त्या म्हणाल्या. "कळलं होतं की पोरगं जळतंय. वाटलं, जळू दे एक रात्र, चांगला धडा मिळेल. रविवारी स्पर्धा संपली की बोलावीन, चांगली कानउघाडणी करीन आणि सांगीन की दादानं खाल्लं नव्हतं. शनिवारी पहाटे तू गेलास. एक वाक्य होतं, नारुमी. त्याच रात्री सांगितलं असतं तर... मी ते सांगायला आलेय आज. गाडीच्या आधी. चूक तुझी दोन मुठींची होती. उरलेली माझी."

त्यांनी मान खाली घातली. ओकामीसान! ज्या बाईपुढे मोठमोठे पैलवान खाली बघत, ती बाई उन्हाच्या टोपीसकट त्याच्यासमोर वाकत होती. सेगावाला ते बघवेना. त्यानं झटकन पुढे होऊन त्यांचे खांदे धरले, आणि धरल्यावर त्याला भान आलं की आपण ओकामीसानला हात लावलाय.

"नको, नको, असं नका करू," तो म्हणाला. "मी जे काही आहे ते या घरामुळे आहे. रोज सकाळी भात खाताना... रोज तुम्हा दोघांचं..." त्याचं नाक वाहू लागलं. एकोणतीस वर्षं घोळवलेली दोन वाक्यं, आणि वेळेवर एकही धड येईना. "ती कानउघाडणी राहिली ना तुमची? ती करा. मला बोला."

"इथं? लोकांसमोर?"

"तेव्हाही लोकांसमोरच बोलायचात."

ओकामीसाननी टोपी काढून पंखेवाल्या बाईच्या हातात दिली. "सरळ उभा राहा," त्या म्हणाल्या, आणि सेगावाचे दोन्ही हात आपोआप मांड्यांना चिकटले.

"गाढवा! बर्फ पडत होता. अंगावर एक सुती युकाता, पायात खडावा, गळ्याला चिंधी नाही. छातीत थंडी भरून मेला असतास म्हणजे? उएनो स्टेशनात मी तीन तास उभी होते, उत्तरेच्या प्रत्येक गाडीला. तू गेलास दक्षिणेला! तुझ्या आईला फोन कुणी केला? मी केला. काय सांगायचं मी त्या माउलीला, तुझं पोर माझ्याकडून हरवलं? ती रडत नव्हती, मलाच समजावत होती. त्याची लाज वाटते मला अजून. आणि न जेवता गेलास! चूक झाली तर माणूस येऊन सांगतो, मार खातो आणि जेवायला बसतो. इतकं सोपं शिकवलं होतं तुला. सगळं शिकलास, तेवढंच नाही शिकलास."

त्यांचा आवाज गल्लीभर घुमत होता. समोरच्या घरातली बाई बाल्कनीत येऊन उभी राहिली.

"आणि सहा वर्षं," आता आवाज खाली आला, "सहा वर्षं तू या गल्लीच्या तोंडावरून जात होतास, आणि हे वरच्या खिडकीत बसलेले असायचे. त्यांना ठाऊक असतं तर काठी टेकत खाली उतरले असते. हे मी माफ करणार नाही. ते माझ्या हातात नाहीच. वर्षश्राद्धाला ओकायामाला ये आणि त्यांच्यासमोर बसून त्यांना सांग."

सेगावा रडत होता आणि ताठ उभा होता. लग्नानंतर, संसारात, धंद्यात त्याला बरीच माणसं गोड बोलली होती. इतकं हक्कानं कुणी झोडपलं नव्हतं, आणि त्याला इतकं हलकं, इतकं आपलं कधी वाटलं नव्हतं.

सुमोच्या दुनियेत आभाराचा एकच शब्द आहे. जेवण मिळालं की तोच, बक्षीस मिळालं की तोच, रिंगणात आपटून हाडं खिळखिळी केली की उठून अंगाची माती न झटकता तोच, आणि थोरल्यांची बोलणी खाऊन झाली की तोच. बाहेरच्या जगात तो कुणी वापरत नाही. पळून गेलेल्याला तो वापरायचा हक्क नाही, असं मानून सेगावानं तो एकोणतीस वर्षं तोंडात येऊ दिला नव्हता. आता तो पोटातून आला, तालमीत घुमायचा तसा मोठा.

"गोत्सान देस!"

बाल्कनीतली बाई दचकली. बांदो गुरुजी डोळे पुसत भिंतीकडे वळले.

ओकामीसाननी टोपी परत डोक्यावर घातली, गाठ बांधली आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"बारा वाजले. स्टेशनच्या लॉकरात माझ्या दोन बॅगा आहेत, जड आहेत," त्या म्हणाल्या. "या मंडळींना नीट निरोप दे आणि चल, नारुमी. आधी काहीतरी खाऊन घेऊ. तू जेवलेला नाहीस."